स्कीचे बूट : तळपायाला गोळे, बोटं बधिर, नख काळं. नक्की चुकतंय कुठे?

मीठभाकरी | १२ जानेवारी

म्युनिकला येऊन चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मी 'बर्फ खिडकीतूनच छान दिसतो' या पंथातली होते. गेल्या वर्षी फाशिंगच्या (इथल्या कार्निव्हलच्या) सुट्टीत लेकीच्या हट्टापायी ऑस्ट्रियातल्या त्सिलरटालला गेलो, चार दिवसांची शिकवणी लावली आणि चाळिसाव्या वर्षी चक्क आवडलं की हो!

आवडले नाहीत ते बूट. भाड्याचे होते, म्हणून दुखत असतील असं समजून या वर्षी स्वतःचे घेतले. दुकानात २५.५ घालून बघितला तर बोटं पुढे टेकली. म्हणून मोठा मागितला, २६.५. इतका मऊ वाटला की घरी आल्यावर तो घालून जिना चढून दाखवला सगळ्यांना.

आता दोन शनिवार-रविवार झालेत. अर्ध्या तासात तळपायाला गोळे येतात. मग बोटांना मुंग्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, नडगीवर निळा पट्टा उमटलाय. खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसले की बकलं उघडते, वर पोचले की पुन्हा आवळते. थंडीसाठी दोन मोजे घालते, एक पातळ, एक लोकरीचा.

नवरा म्हणतो, सवय होईल. आई फोनवर म्हणते, कशाला जातेस त्या बर्फात हातपाय मोडून घ्यायला. दोघांचीही उत्तरं नको आहेत. अनुभवी लोकांनी सांगा.

कोकणकडा | १२ जानेवारी

अगदी अगदी! मी तीन वर्षांपूर्वी उत्तराखंडात औलीला स्कीचा चौदा दिवसांचा कोर्स केला. पहिल्या दिवशी बुटांचा ढीग समोर, 'नंबर बोलो' म्हणाले. मी ९ सांगितला, त्यांनी जो दिला तो घातला. बुटाच्या आत दोन मोजे, त्यात थर्मलची पँट खोचलेली, वर कचकचीत बकलं. समोर नंदादेवी झळकतेय आणि मी बर्फात फतकल मारून बूट काढतोय, असे माझे निम्मे फोटो आहेत.

राजगड-तोरणा एका दमात करणारे पाय आहेत माझे. त्या बुटांनी तीन दिवसांत रडवलं. उत्तर मलाही हवंय, पुन्हा जायचंय.

पेठवडगावकर | १२ जानेवारी

सूनबाई, नवा जोडा चावणारच. आमच्याकडे कोल्हापुरी घेतली की पहिले पंधरा दिवस अंगठ्याला फोड ठरलेले. तेल पाजायचं, घरात वापरायची. मग पायाचा साचाच तयार होतो तिच्यात. थोडा धीर धरा.

घसरगुंडी | १३ जानेवारी

काका, आदर ठेवून सांगतो, इथे कोल्हापुरीचा नियम चालत नाही. कातडं पायाचं ऐकतं, प्लॅस्टिक नाही ऐकत. पूर्वी स्कीचे बूट चामड्याचे, नाडीचेच होते, तेव्हा तुमचा उपाय लागू पडला असता. साठच्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचे बूट आणले आणि बूट मुरवायची सोय संपली. आता बाहेरचं कवच आहे तसंच राहतं. सैल पडतो तो फक्त आतला मऊ बूट, म्हणजे लायनर. दहा-पंधरा दिवस वापरला की तो दबतो. म्हणजे दुकानात 'आहाहा' वाटलेला बूट महिन्याभरात ढगळ होणार.

मीठभाकरी, तुझा बूट मोठा आहे. न बघता सांगतो. मी बूटफिटर (पायाला बूट नीट बसवून देणारा कारागीर) नाही, डेन्व्हरमध्ये राहतो, सोळा हिवाळे स्की करतोय आणि तीन जोड्या नि दोन नखं घालवून शिकलोय.

आधी पाऊल मोज. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अनवाणी, टाच भिंतीला टेकवून, पूर्ण वजन देऊन कागदावर उभी राहा आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण कर. दोन्ही पाय. जे सेंटिमीटर येतील तोच तुझा आकडा. या बुटांचं माप मॉन्डोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे २६.५ हा साडेसव्वीस सेंटिमीटर लांबीच्या पावलासाठी. नेहमीच्या बुटाचा नंबर विसरून जा. आणि २६ नि २६.५ असे दोन आकडे दिसले तरी बहुतेक कंपन्यांत कवच एकच असतं, फरक असलाच तर आतल्या सोलचा वगैरे. म्हणजे 'अर्धा नंबर मोठा द्या' याला फारसा अर्थ नाही.

मग लायनर ओढून बाहेर काढ आणि नुसत्या कवचात पाय घाल. बोटं पुढे जेमतेम टेकव, गुडघे थोडे वाकव आणि टाचेमागे हाताची किती बोटं जातात ते कुणाला तरी बघायला सांग. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे एक-दोन बोटं, हे आपल्यासारख्यांसाठी ठीक. शर्यतवाले एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी ठेवतात. तीन बोटं गेली तर बूट परत.

दुकानात फसगत होते ती इथे. सरळ उभं राहिलं की बोटं लायनरच्या टोकाला टेकतात आणि टेकायलाच हवीत. बकलं लावून नडगी पुढे रेटली की टाच मागच्या खळग्यात बसते आणि बोटं सुटतात. तू २५.५ सरळ उभी राहून बघितलास आणि घाबरलीस. सगळेच घाबरतात.

तिरकीटधा | १३ जानेवारी

म्हणजे दुकानात रडू आलं तर बूट बरोबर, हसू आलं तर चूक. लग्नाच्या शालूच्या ब्लाउजसारखंच झालं हे.

(वाचतोय. बर्फ फक्त गोळ्यात बघितलाय, काला खट्टा.)

मीठभाकरी | १३ जानेवारी

मोजलं. डावा २४.७, उजवा २४.५. कवचात टाचेमागे लेकीची तीन बोटं आरामात गेली, चौथं घालायचा तिचा आग्रह होता.

पण घसरगुंडी, डोकं चालत नाहीये. बूट मोठा आहे तर दाब कुठून येतोय? मोठ्या बुटात पाय मोकळा राहायला हवा ना?

पाऊलवाट | १३ जानेवारी

याचं उत्तर मी देते. पुण्यात फिजिओ आहे, स्कीवर कधी उभी राहिलेली नाही, पण पाय रोजचे.

ढगळ बुटात पाय पुढेमागे सरकतो. सरकू नये म्हणून तुम्ही नकळत दोन गोष्टी करता. बोटं आकसून जमीन पकडायला बघता, घसरत्या फरशीवर करतो तशी. तासभर बोटं आकसून ठेवा, तळपायाला गोळा येणारच. आणि दुसरं म्हणजे बकलं आवळता. ती आवळली की पावलाच्या पाठीवर दाब येतो, आणि तिथे त्वचेखाली लगेच नसा नि रक्तवाहिनी आहेत, मांसाची गादी नाही. रक्त कमी पोचलं की बोटं आधी बधिर, मग गार. तुम्हाला वाटतं थंडीने झालं, म्हणून दुसरा मोजा चढवता. त्याने जागा आणखी कमी होते, पाय आणखी गार. आवळण्यातून पाय गार आणि गारठ्यातून पुन्हा आवळणं, असं ते चक्र फिरत राहतं.

काळं नख म्हणजे बोट पुढे आपटतंय. नडगीवरचा पट्टा म्हणजे टाच उचलली जातेय आणि पाय बुटाच्या जिभेवर आदळतोय. तुमची चारही लक्षणं ढगळ बुटाकडे बोट दाखवतात, घसरगुंडींचं निदान पटलं.

एक घरगुती चाचणी. अनवाणी उकिडवं बसा, पूर्ण टाचा जमिनीला टेकवून. आपल्या आज्या तासन्‌तास बसायच्या तसं. जमत नसेल, टाचा उचलल्या जात असतील, तर घोटा पुरेसा वाकत नाही. स्कीच्या बुटात पाय कायम पुढे झुकलेला असतो. न वाकणारा घोटा त्यात बसवला की टाच वर येते आणि बाकीचं दुखणं मागोमाग. अशांना टाचेखाली छोटी पाचर घालून फरक पडतो. बूट बनवणाऱ्यांनी कमोडवाल्यांचा विचार केलेला दिसत नाही.

आणि इशारा. मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी असेल, तर 'थोडं दुखलं तर थांबू' हे गणित चालत नाही, कारण दुखणारच नाही. दर तासाला बूट काढून पाय बघा. बोट पांढरंफटक आणि बधिर झालं असेल तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. आत जा, हळूहळू ऊब द्या, रंग नि संवेदना परत आली नाही तर डॉक्टर.

मीठभाकरी | १३ जानेवारी

उकिडवं जमलं. नवरा मागच्या मागे कोलमडला. फ्रीजला टेकून बसलाय आणि 'मुद्दा माझ्या पायाचा नाहीये' म्हणतोय.

शेंगदाणा | १४ जानेवारी

टोरांटोहून. मोज्यांचं मी ठासून सांगते. एकच मोजा, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, लोकर-मिश्र. सुती नको, घाम धरून ठेवतो. थर्मलची पँट मोज्याच्या वर संपली पाहिजे, बुटात जाता कामा नये. मोज्याची एक सुरकुती आणि दिवसभराचा फोड.

मुलांच्या बाबतीत आपण लोक हमखास चुकतो. 'वाढतं अंग आहे' म्हणून दोन नंबर मोठे. शाळेचा गणवेश घेतोय का आपण? माझा थोरला पहिल्या वर्षी वळतच नव्हता. प्रशिक्षक म्हणाली, मुलगा वळतोय, बूट वळत नाहीये. पाय आत फिरतो आणि स्की सरळच जाते. लांबीला फार तर एक सेंटिमीटर जास्त, त्यापुढे नाही. आमच्याकडे अख्ख्या हिवाळ्यासाठी भाड्याने मिळतात, दर वर्षी नवं माप. विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका.

कोकणकडा | १४ जानेवारी

सगळं कळलं. थर्मल खोचणारा महामूर्ख मीच. पण आम्ही कोर्सवाल्यांनी करायचं काय? बूटफिटर तिथे कुठून आणू? ढिगातला बूट हेच वास्तव.

घसरगुंडी | १४ जानेवारी

ढिगातही निवड असते. स्वतःचे मोजे ने. बुटाच्या टाचेशी किंवा तळाला सेंटिमीटरमधला आकडा कोरलेला असतो, 'नंबर बोलो'ला उत्तर देण्याऐवजी तो वाच. लायनर काढून कवचाची चाचणी तिथेही दोन मिनिटांत होते. लोक बघतील, बघू देत. दोन बुटांत अडलास तर लहान घे, कारण भाड्याच्या बुटांचे लायनर शेकडो पायांनी आधीच दाबलेले असतात. ट्रेकच्या बुटात स्वतःचे चांगले सोल असतील तर तेही टाकून बघ.

आणि घालायची रीत. अर्धं दुखणं तिथेच जातं. बूट रात्री गाडीत ठेवू नको, गार प्लॅस्टिक दगड होतं, पाय आत जातच नाही. सगळी बकलं मोकळी, जीभ मधोमध, पाय घातला की टाच जमिनीवर दोन-तीनदा मागच्या बाजूने आपट, म्हणजे ती खळग्यात बसते. मग आधी घोट्याजवळचं बकल, मग वरचं, मग सगळ्यात वरचा पट्टा. नडगी पुढे दाबून दोन-चार झोके घे, बकलं एकेक घर पुढे सरकतील. बोटांवरचं बकल सगळ्यात शेवटी, नुसतं अडकवायचं, आवळायचं नाही. टाच धरून ठेवायचं काम घोट्याचं बकल करतं, बोटांना कुणी धरायची गरज नसते. बकल फिरवलं की दांडी लांब-आखूड होते, हे मला सहाव्या वर्षी कळलं. एक घर सैल आणि पुढचं घट्ट, या पेचात कुढत बसायचो.

चिनारपान | १५ जानेवारी

गुलमर्गवाला अनुभव जोडतो. गंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबलकारचा, दुसरा टप्पा तुम्हाला अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरला सोडतो. तिथे पाय सुन्न झाले तर खाली येईपर्यंत पर्याय नाही. मी पहिल्या वर्षी दर फेरीआधी खाली कहवा पीत बूट उघडून बसायचो, तेव्हा निभावलं. लिफ्टमध्ये बकलं सैल करणं ही चूक नाही, मीठभाकरी, जुनेजाणतेही करतात. दर वेळी करावंच लागतंय ही तक्रार.

तिरकीटधा | १५ जानेवारी

एक बाळबोध शंका. तो फ्लेक्स म्हणजे काय? दुकानांच्या जाहिरातीत १३० वगैरे आकडे दिसतात. जास्त म्हणजे चांगलं ना?

घसरगुंडी | १५ जानेवारी

बूट पुढे वाकायला किती कडक, त्याचा आकडा. नवशिक्या बाईला ६०-८०, मध्यम पुरुषाला ९०-१००, दणकट आणि तरबेज माणसाला १२०-१३०. पण ठरलेलं प्रमाण नाही, एका कंपनीचा १०० दुसरीच्या ९० सारखा असू शकतो. मर्दानगीचा आकडा म्हणून घेऊ नये, कडक बुटात नडगीच झिजते. त्यापेक्षा रुंदीचा आकडा महत्त्वाचा. ९७-९८ मिलिमीटर अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. हे चवड्याच्या रुंदीचं माप, साधारण २६.५ च्या बुटात घेतलेलं. लहान बुटात तीच रुंदी आणखी कमी भरते. ज्यांची पावलं आखूड-रुंद आहेत ते रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवतात. धाग्याच्या मूळ रोगाचं दुसरं कारण ते.

मीठभाकरी | २८ फेब्रुवारी

धागा वर काढतेय. फाशिंगची सुट्टी संपली, आता निवांत लिहिते.

जानेवारीतच बूटफिटरकडे गेले, मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना. साठीतला माणूस, बोलणं कमी. बूट दाखवायच्या आधी त्याने मला अनवाणी उभं केलं आणि अर्धा तास फक्त पाय बघितले. बसून पाऊल मोजलं, मग उभं करून. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर लांबीत फरक आला, जवळजवळ अर्धा सेंटिमीटर! माझी कमान वजन पडलं की खाली बसते आणि पाऊल लांबतं. म्हणून आधी सोल, असं तो म्हणाला. गरम करून पायाखाली दाबून बनवले. कमानीला आधार मिळाला की पाऊल लांबत नाही आणि करंगळीच्या बाजूला पसरतही नाही.

मग बूट काढले, २४.५, रुंदी १००. पहिला घातला आणि मी म्हणाले, अशक्य. त्याने शांतपणे घड्याळ दाखवलं, वीस मिनिटं घालून बसा. मी आधी चिडले, मग कंटाळले, मग लक्षात आलं की बोटं हलवता येताहेत. गुडघे वाकवले की पुढे जागा होत होती. अगदी इथे लिहिलंय तसं. तरी त्याने तिसऱ्या जोडीवर शिक्कामोर्तब केलं, कारण पहिल्या दोन माझ्या पोटरीला टोचत होत्या. बायकांची पोटरी खालून भरायला सुरुवात होते म्हणे, बुटाचा वरचा काठ नेमका तिथे येतो. त्यासाठी मागचा एक तुकडा काढून टाकला. मग लायनर भट्टीत तापवून, बोटांवर टोपी चढवून, पायावर साचा घेतला. टोपी कशाला, तर नंतर काढली की बोटांपुढे थोडी हवा राहावी.

पहिले दोन दिवस गार्मिशला झकास. तिसऱ्या दिवशी उजव्या करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या हाडावर, सुई टोचल्यासारखं. परत गेले. त्याने तिथे लिपस्टिकसारखं काहीतरी लावलं, बुटात पाय घालायला लावला, कवचावर ठसा उमटला. ती जागा तापवून आतून दट्ट्या लावून बाहेर ढकलली. तीन-चार मिलिमीटरचा फुगवटा, बाहेरून दिसतही नाही. ज्याला दुखतंय त्याच्यासाठी तीन मिलिमीटर म्हणजे केवढे ते मला विचारा. ही दुरुस्ती बुटाच्या किमतीतच होती. चारशे युरो बूट, दीडशे सोल. डोळे पांढरे झाले, पण आधीचा आंधळा खर्च आठवला.

सुट्टीत सलग पाच दिवस घातले, एक मोजा. बकलं लिफ्टमध्ये एकदाही उघडली नाहीत. बोटं शाबूत, गोळे नाहीत. नख मात्र पडलं, ते जुनं कर्ज होतं.

पाऊलवाट | २८ फेब्रुवारी

छान वाटलं वाचून. नवं नख पूर्ण यायला वर्षभरही लागू शकतं, तोवर ते बोट जपा. नाकं निमुळती असलेल्या चपला-बूट सध्या नकोत.

पेठवडगावकर | १ मार्च

माणूस पाय बघून साचा घेतो, आणि दुखलं तर परत बोलावतो, हे ऐकून बरं वाटलं. आमच्या तालमीशेजारचा चर्मकार हेच करायचा, कागदावर पाय काढून घ्यायचा. फक्त भट्टी नव्हती त्याच्याकडे.

शेंगदाणा | १ मार्च

बूट वाळवायचे कसे तेही विचारलंस का? हीटरवर ठेवू नको, तापवून बसवलेला लायनर पुन्हा वाकडा होतो. रोज संध्याकाळी लायनर काढून नुसता हवेवर. आणि मोसम संपला की बकलं हलकी लावून ठेव, नाहीतर कवच फाकतं. शिवाय नवे बूट ग्रिपवॉक तळव्याचे (चालायला सोपा पडणारा, वळलेला तळवा) असतील तर स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, त्याला चालतं का ते दुकानात एकदा तपासून घे. दुखण्याशी संबंध नाही, पण पाय वेळेवर सुटण्याशी आहे.

मीठभाकरी | १ मार्च

बाइंडिंग तपासलं, चालतं. लायनर आत्ता बाल्कनीत आहेत, शेजारीण विचारून गेली हे काय वाळत घातलंय.

आता राहिला जुन्या २६.५ चा प्रश्न. विकायला काढणार होते, तेवढ्यात लेकीने बाबाचं पाऊल कागदावर काढलं. २६.६. तो स्वतः गेली दोन वर्षं २८.५ घालतोय आणि 'सवय होईल' म्हणतोय. माझ्या जुन्या कवचात त्याच्या टाचेमागे बरोबर दीड बोट. अस्तर जांभळं आहे आणि बाजूला फुलांची नक्षी, म्हणून तोंड वाकडं करून बसलाय. पँटच्या आत कुणाला दिसणार आहे?

घसरगुंडी | १ मार्च

लांबी जमली तरी बायकांच्या बुटाचा काठ खाली असतो आणि तो बहुतेक ८० फ्लेक्सचा असणार. वजन किती त्याचं?

मीठभाकरी | १ मार्च

मागे उभा राहून वाचतोय. ते नका विचारू.